बिनशर्त

१८९७ च्या जुलैअखेर विलायतेहून आलेली एक आगबोट मुंबई बंदराला लागली. बोटीवर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले एकतीस वर्षांचे प्राध्यापक होते. मार्च महिन्यात ते दिनशा वाच्छांबरोबर लंडनला गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांना साक्ष द्यायची होती. रयतेकडून वसूल झालेला पैसा कुठे जातो, लष्करावर किती उधळला जातो, शिक्षणाच्या वाट्याला किती कमी येतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत. एरवी अशा माणसाच्या स्वागताला धक्क्यावर मित्रमंडळी हारतुरे घेऊन उभी राहिली असती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या स्वागताला बोटीवर आले ते पोलीस कमिशनर. त्यांना एकच गोष्ट हवी होती. पुण्याहून ज्यांनी तुम्हांला पत्रे लिहिली, त्यांची नावे.

त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची हवाच वेगळी होती. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले होते. पाठोपाठ सरदार नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, उचलून नेले होते. पुण्यातले प्लेग अधिकारी रँड यांचे मारेकरी अजून सापडले नव्हते. पुढचा नंबर कोणाचा, या धास्तीत माणसे घरातसुद्धा हळू आवाजात बोलत होती. अशा वेळी गोखल्यांच्या खिशात काही नावे होती, आणि पाठीशी लंडनमध्ये जाहीरपणे उच्चारलेले एक वाक्य होते, जे आता सिद्ध करून दाखवायचे होते.

पुढच्या काही दिवसांत त्यांनी जे केले, त्याबद्दल त्यांना वर्षानुवर्षे बोल लागला. तो सगळा प्रसंग भित्रेपणाचा होता, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. मला मात्र त्या दिवसांत सद्सद्विवेक कसा काम करतो, याचे आपल्या इतिहासातले एक दुर्मिळ आणि स्पष्ट दर्शन घडते. ते समजण्यासाठी आधी भीतीची गोष्ट सांगावी लागते.

*

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, रोगी सापडले. जांघेत किंवा काखेत गाठ, फणफणता ताप, आणि बहुतेकदा काही दिवसांत मृत्यू. यर्सिनने दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला या रोगाचा जंतू शोधला होता. तो जंतू उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, ही गोष्ट मात्र सिमाँने कराचीत मांडायला १८९८ उजाडायचे होते. म्हणजे १८९७ मध्ये वैद्य, डॉक्टर, कलेक्टर आणि रोगी सगळेच अंधारात चाचपडत होते. रोग माणसाच्या अंगात आहे, कपड्यांत आहे, भिंतींत आहे, असे धरून उपाय चालले होते. उंदीर तेवढे निर्धास्त होते.

संकट मोठे आणि माहिती अपुरी, की अफवेला सुपीक जमीन मिळते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले. गोष्ट जितकी जिव्हाळ्याची आणि जितकी संदिग्ध, तितकी अफवा जोरात. मुंबईने हे आधीच भोगले होते. प्लेग आला त्याच सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाच्या बदल्यात राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, अशी कुजबुज गल्लोगल्ली पसरली. इस्पितळात नेलेल्या माणसाच्या अंगातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, असेही लोक म्हणत. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांचा सुमारे हजारभराचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. निम्मी मुंबई गाव गाठण्यासाठी बाहेर पडली.

या अफवांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. ज्या भागात धक्के बसले पण घरे पडली नाहीत, तिथल्या माणसांतसुद्धा आणखी भयंकर काही घडणार अशा अफवा जोरात होत्या. पुढे मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंजर हे वाचून चक्रावला. घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात? त्याला सुचलेले उत्तर असे की, भीती आधीच मनात घर करून बसलेली असते. अफवा तिला कारण पुरवते. आपण उगाच घाबरलेलो नाही, एवढे तरी समाधान अफवेतून मिळते. मनातल्या विसंगतीविषयीच्या फेस्टिंजरच्या गाजलेल्या सिद्धान्ताच्या मुळाशी बिहारच्या या अफवाही होत्या.

पुण्यात १८९७ च्या वसंतात भीतीला कारणांची वाण नव्हती.

*

४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. सव्वाशे वर्षांनी करोनाच्या काळात जो पुन्हा कपाटातून काढावा लागला, तोच हा कायदा. त्याने अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ अमर्याद सत्ता दिली. पुण्यात प्लेग कमिटी नेमली गेली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड, साताऱ्याहून आणलेले सनदी अधिकारी. १३ मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या. कामाला ८९३ अधिकारी आणि शिपाई लावले होते, गोरे आणि देशी दोन्ही.

झडतीचे टोळके वाड्यात शिरे. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, सगळीकडे बूट जात. आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. सामान बाहेर काढून जाळत, जमीन उकरत, भिंतींना चुना फासत. बायकांना चारचौघांत उभे करून गाठी तपासतात, अशा तक्रारी आल्या. शिपाई पैसे, दागिने उचलतात, अशाही आल्या.

मानसशास्त्राचे अभ्यासक आता सांगतात की माणसाची नीती केवळ ‘कोणाला इजा झाली का’ एवढ्या मापाने चालत नाही. पावित्र्य, घराची मर्यादा, आपल्या माणसांविषयीची निष्ठा, हीसुद्धा नीतीची खोल मुळे आहेत. त्या वेळच्या पुणेकराला हे शिकवायला नको होते. त्याच्या घराचा उंबरठा हीच त्याची नैतिक सीमा होती. रँडच्या हिशेबात मृत्यूचे आकडे होते आणि त्यापुढे सोवळ्याला किंमत नव्हती. दोन्हीकडे नीतीच बोलत होती, पण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यातला एक पक्ष सशस्त्र होता, आणि म्हणून त्या न कळण्याची किंमत दुसऱ्याच पक्षाने भरली.

त्याच पुण्याच्या वेशीवर, झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळ आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या. ज्या रोगाने स्पर्शालाच गुन्हा करून टाकले होते, त्या रोगात एका सहासष्ट वर्षांच्या बाईने रोग्याला पाठीवर घेतले. भीतीला असेही उत्तर असते, हे विसरता कामा नये.

*

गोखले या सगळ्यापासून हजारो मैल दूर होते. लंडनला पोचण्याआधीच कॅलेला झालेल्या अपघातात त्यांच्या छातीला दुखापत झाली होती आणि काही काळ त्यांना अंथरुणावर पडून राहावे लागले होते. घराकडच्या बातम्या पत्रांतून येत. पत्रे लिहिणारी माणसे उडाणटप्पू नव्हती. ती त्यांच्या विश्वासातली, शिकलेली, जबाबदार माणसे होती. पंडिता रमाबाईंनीही मे महिन्यात मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात आपल्या संस्थेतल्या एका मुलीच्या संदर्भात प्लेग व्यवस्थेवर जाहीर आरोप केले होते.

२२ जूनला राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता. गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावरचा समारंभ आटोपून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. इंग्लंडातली वर्तमानपत्रे खवळली. पुण्याचे ब्राह्मण कट करतात, त्यांची पत्रे माथी भडकवतात, असा सूर लागला. गोखल्यांना वाटले, लोक इतके का बिथरले हे इथल्या माणसांना कळले पाहिजे. त्यांनी पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे आणि ‘मँचेस्टर गार्डियन’पुढे पुण्याची हकीकत सांगितली. तिच्यात हेही सांगितले की, त्यांना आलेल्या माहितीप्रमाणे शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला.

हे वाक्य त्यांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर बेतलेले नव्हते, तपासलेल्या कागदावरही नाही. ते विश्वासावर उभे होते. मला वाटते, दूर असण्याचीही त्यात भर पडली असावी. आपले गाव जळत असताना आपण परदेशी आहोत, ही टोचणी माणसाला बोलायला भाग पाडते. राग खरा होता, हेतू चांगला होता. पण रागाला पुराव्याची वाट पाहण्याचा धीर नसतो.

पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ नाकारला. आता बोट गोखल्यांकडे होते. सिद्ध करा.

*

परतीच्या वाटेवर एडनला त्यांच्या हाती मित्रांची पत्रे पडली. सरकारचा ससेमिरा मागे लागला आहे, आमची नावे सांगू नका, असे त्यांत होते.

मुंबईत उतरल्यावर गोखल्यांनी पुरावा मिळवण्याचा प्रयत्न केला. कोणी पुढे आले नाही. यात नवल काय? ज्या आठवड्यात टिळक कोठडीत आहेत, नातू बंधू कुठे नेले ते घरच्यांनाही धड ठाऊक नाही, त्या आठवड्यात सरकारविरुद्ध साक्ष कोण देणार? आणि साक्ष कसली? घरातल्या बाईची अब्रू गेली, हे नाव-गाव-पत्त्यासह कोर्टाच्या चोपडीत लिहवून घ्यायची. त्या काळच्या कुटुंबाला हे दुसऱ्यांदा मरण होते. अत्याचाराच्या ओझ्याखाली दबलेली माणसे गप्प राहतात आणि गप्प राहणे हाच अत्याचार झाला नसल्याचा पुरावा ठरतो. हा फास आजही पुरता सुटलेला नाही.

गोखल्यांपुढे आता चार वाटा होत्या. पहिली, नावे सांगायची. मग त्यांच्यावरचा डाग पुसला असता आणि मित्र तुरुंगात गेले असते. दुसरी, गप्प बसायचे. काही महिन्यांत लोक विसरले असते, आणि पुण्यात तर ते वीर ठरले असते. तिसरी, अर्धी माफी. माझी दिशाभूल झाली, मजकडून अनवधानाने चूक झाली, तरी मूळ तक्रारीत तथ्य आहेच, अशी शब्दांची पळवाट. सार्वजनिक जीवनात आपण रोज पाहतो ती हीच. चौथी वाट म्हणजे, जे सिद्ध करता येत नाही ते मी बोललो, त्याची पूर्ण जबाबदारी माझी, असे म्हणायचे.

त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांशी सल्लामसलत केली. रानडे त्यांचे गुरू होते. टिळकपक्षाने १८९५ मध्ये सार्वजनिक सभा ताब्यात घेतल्यावर दोघांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा उभी केली होती. म्हणजे पुण्यात आधीच तट पडले होते, आणि माफी मागितली तर प्रतिपक्षाच्या हाती कोलीत मिळणार, हे गोखल्यांना पक्के ठाऊक होते.

४ ऑगस्ट १८९७ ची तारीख घालून त्यांनी माफीपत्र लिहिले आणि ते वर्तमानपत्रांत आले. गव्हर्नरांची, प्लेग कमिटीच्या सभासदांची आणि प्लेगच्या कामावरच्या शिपायांची त्यांनी माफी मागितली. माफी बिनशर्त होती. मित्रांची नावे त्यांनी सरकारला दिली नाहीत.

*

इंग्रजी पत्रांनी त्यांना खोटारडा ठरवले. आपल्या लोकांनी भेकड म्हटले. ज्या सोजिरांनी आमच्या देवघरात बूट नेले, त्यांची माफी? टिळक तुरुंगात जातात आणि हे गव्हर्नरांपुढे मान तुकवतात? डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हाही ही नाराजी लपली नाही. विलायतेत नाव काढून आलेला माणूस चार महिन्यांत आपल्याच माणसांत परका झाला.

मराठीत आपण ‘लाज वाटली’ आणि ‘मन खाऊ लागले’ असे दोन वेगळे प्रयोग करतो. हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९७१ मध्ये हाच भेद अभ्यासाच्या भाषेत मांडला. लाजेत सगळा मी वाईट ठरतो. अपराधभावात मी केलेली एक गोष्ट वाईट ठरते. लाजेला लोकांच्या नजरा लागतात, म्हणून ती लपायला, नाकारायला, कधी उलट चिडायलाही शिकवते. अपराधभावाला भरपाई करायची असते. लाज माणसाला कोपऱ्यात ढकलते, अपराधभाव त्याला कामाला लावतो.

गोखल्यांना लाज वाटली नसेल, असे कोण म्हणेल? हळव्या मनाचा माणूस होता तो. शाळेत दुसऱ्याच्या मदतीने गणित सोडवल्याबद्दल बक्षीस मिळू लागले तेव्हा ते रडले, अशी गोष्ट आपल्याकडे मुलांना सांगतात. ती घडली असो वा नसो, तिला धरून लोकांनी ज्या माणसाची ओळख ठेवली तो हाच आहे. पण लाजेने त्यांना घरात कोंडले नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये त्यांनी श्रीगुरु दत्तात्रेयाचे स्मरण करून काही संकल्प लिहून ठेवले. नियमाने योगाभ्यास करीन, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांचे ज्ञान मिळवीन, मुंबईच्या कायदेमंडळात आणि पुढे वरिष्ठ कायदेमंडळात जाऊन देशाचे काम करीन, असा त्यांचा आशय. जगाने नुकतेच ज्याला तोंडघशी पाडले होते, त्या माणसाने स्वतःशी केलेला हा करार आहे. त्यात कोणावर दात नाही.

संकल्प बरेचसे खरे झाले. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले, पुढे कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तिथे त्यांचे अर्थसंकल्पावरचे भाषण हा दरवर्षीचा महत्त्वाचा प्रसंग होऊन बसला. प्रत्येक आकडा तपासून, प्रत्येक विधान पारखून मगच बोलायचे, या त्यांच्या शिस्तीला विरोधकही मानत. त्या शिस्तीमागे १८९७ चा ऑगस्ट उभा आहे, असे मला त्यांची भाषणे वाचताना वाटत राहते. १२ जून १९०५ ला त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. आणि १९१५ च्या फेब्रुवारीत त्यांची चिता रचली गेली तेव्हा सिंहगडाहून आलेल्या टिळकांनी जन्मभराच्या या प्रतिस्पर्ध्याला रत्नाची उपमा दिली.

*

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो टाळून गोखल्यांचा गौरव करणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्या माफीत त्या दोन स्त्रियांचे काय झाले? पुरावा मिळाला नाही, याचा अर्थ काही घडलेच नाही असा होत नाही. रीतसर साक्ष घेणारे सत्तेचे होते आणि साक्ष देणारे सत्तेच्या दहशतीत होते. माफीने गव्हर्नरांचा हात वर झाला. ज्यांच्या घरात खरोखर काही घडले असेल, त्यांच्या तोंडावर कुलूप लागले. रँडला मारणाऱ्या चापेकर बंधूंना त्या सरकारकडे न्याय मागावासाच वाटला नाही. त्यांनी पिस्तूल उचलले आणि तीन भाऊ फासावर गेले. त्या रागाची मुळेही त्याच उंबरठ्यांवर रुजली होती.

गोखल्यांनी मात्र ‘काही घडले का’ या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही, कारण ते देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर दिले. मी जे बोललो त्याच्या मागे मला उभे राहता येते का? उत्तर ‘नाही’ होते, आणि ते त्यांनी पूर्ण वाक्यात, सर्वांसमोर, स्वतःच्या नावाने दिले. विश्वास टाकणाऱ्या मित्रांना त्या वाक्याआड सुरक्षित ठेवले आणि शिव्या स्वतःकडे घेतल्या. जमाव कोणत्या बाजूला आहे हे पाहून बोलणारा माणूस हे करू शकत नाही, कारण त्या दिवशी कोणताच जमाव त्यांच्या बाजूला नव्हता. राज्यकर्त्यांना माफी हवी होती, पण नावांसकट. पुण्याला नावे लपवायची होती, पण माफीशिवाय. गोखल्यांनी दोघांनाही अर्धेच दिले आणि दोघांचाही रोष पत्करला. माणसाची नीती आपल्या गटाला धरून चालते हे खरे आहे. पण ती कधीकधी गटाबाहेर एकटी उभी राहते, हेही तितकेच खरे आहे.

प्लेग पुण्यातून गेला नाही. तो पुन्हा आला, आणि पुन्हा. नंतरच्या साथीत स्वयंसेवकांची पथके पेठांतून फिरू लागली, तेव्हा त्यांत गोखले होते. लंडनच्या एका खोलीत ज्या घरांविषयी ते ऐकीव माहितीवर बोलले होते, त्याच पुण्यातल्या घरांच्या दारांत आता ते स्वतः जाऊन उभे राहत. रोग्याची विचारपूस करत, घाबरलेल्या घरच्यांची समजूत घालत. या वेळी त्यांना कोणाच्या पत्राची गरज नव्हती.